स्टेन्सिलचं अक्षर तुटकं का असतं?

मिठाईच्या रिकाम्या खोक्याचं झाकण घ्या आणि कटरने त्यात इंग्रजी ‘ओ’ कापा. बाहेरचं वर्तुळ पुरं कापलं की आतलं सगळंच निसटून खाली पडेल आणि हातात उरेल नुसतं गोल भोक. त्यावरून रंग फिरवला तर भिंतीवर ‘ओ’ऐवजी टिकली उमटेल. आता नवीन पुठ्ठा घ्या आणि पुन्हा कापा, पण या वेळी वर आणि खाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी न कापता सोडा. आतली चकती या दोन पट्ट्यांच्या आधाराने जागेवर राहील. रंग फिरवला की ‘ओ’ उमटेल, फक्त वर-खाली एकेक फट घेऊन. असा अक्षर कापलेला पुठ्ठा किंवा पत्रा म्हणजे स्टेन्सिल.

आतल्या चकतीला बेट म्हणू आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीला पूल. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ए, बी, डी, ओ, पी, क्यू आणि आर यांच्या पोटात बेटं असतात. बी-मध्ये तर दोन. आकड्यांत शून्य, चार, सहा, आठ, नऊ. एवढ्यांना पूल लागतोच. सी किंवा एस यांना बेट नसूनही स्टेन्सिलमध्ये त्यांना फटी दिसतात. त्याची दोन कारणं: लांबलचक वळणदार चीर कापली की पत्रा तिथे कमजोर होऊन वाकतो, आणि शेजारच्या तुटक अक्षरांबरोबर एखादं अखंड अक्षर उपरं वाटतं.

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ‘स्टेन्सिल कापणे’ म्हटलं की सायक्लोस्टाइल आठवेल. शाळेच्या प्रश्नपत्रिका, युनियनची पत्रकं त्यावर निघत. मेणाचा थर दिलेल्या कागदावर टाइपरायटरची अक्षरं आपटली की तेवढं मेण बाजूला सरायचं आणि शाईला वाट मिळायची. तिथे पूल लागत नसत, कारण त्या कागदाचे लांब तंतू बेटाला जागीच धरून ठेवत. तरीही कळ फार जोरात बसली तर ‘ओ’चं पोट तुटून पडायचं, आणि मग प्रत्येक प्रतीवर तिथे काळी टिकली. म्हणजे अडचण तीच, फक्त तंतूंनी झाकलेली.

आज कॉफीच्या पाकिटांवर, जिमच्या पाट्यांवर, ट्रेकिंग ग्रुपच्या टी-शर्टवर जी जाड, तुटकी, खरवडल्यासारखी अक्षरं दिसतात ती कुणी पत्रा ठेवून रंगवलेली नसतात. संगणकावर टाइप केलेली असतात. डिझाइनच्या धंद्यात त्यांना ‘डिस्ट्रेस्ड स्टेन्सिल’ म्हणतात. डिस्ट्रेस्ड म्हणजे मुद्दाम झिजवलेलं, विटवलेलं. आणि हा ‘डिस्प्ले’ जातीचा फॉन्ट, म्हणजे मथळ्याचा, पाटीचा, लांबून दिसायचा. हे अक्षर मला मनापासून आवडतं, आणि ते चुकीच्या जागी वापरलेलं पाहिलं की तितकंच वाईटही वाटतं. त्यातली प्रत्येक फट आणि प्रत्येक ओरखडा कुठल्यातरी खऱ्या कामातून आलाय. ते काम कळलं की फॉन्ट कुठे शोभेल हे वेगळं शिकावं लागत नाही.

पुलांचा अभिमान पूर्वी कुणाला नव्हता. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या चर्चमध्ये गायकवृंदासाठी मोठाल्या पोथ्या स्टेन्सिलने लिहीत, तेव्हा एकच अक्षर दोन तुकड्यांत कापून दोनदा छापायची युक्तीही होती, म्हणजे फट दिसायला नको. १७८१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी होते. त्या वर्षी त्यांनी तिथल्या बेरी नावाच्या कारागिराकडून पितळी पत्र्यांचा अक्षरसंच विकत घेतला. तो आजही फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत जपून ठेवलेला आहे. त्यातली अक्षरं छापील पुस्तकासारखी नाजूक आहेत. आपल्या डोळ्यांसमोरचं रांगडं स्टेन्सिल ते नव्हे.

रांगडेपणा आला मालवाहतुकीतून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वेने पेट्या, पिंपं, पोती दूरदूर जाऊ लागली आणि प्रत्येकावर कुठून-कुठे लिहिणं भाग पडलं. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात सैनिक आपल्या नावाचा छोटा पितळी पत्रा करून घेत आणि कपड्यांवर, सामानावर नाव उठवत. शतक संपताना पुठ्ठ्यात अक्षरं छिद्रित करणारी यंत्रं आली: चकती फिरवून अक्षर निवडायचं, दांडा दाबायचा, तेल लावलेल्या जाड पुठ्ठ्यात अक्षर कापलं जायचं. गोदामातला कुणीही माणूस दोन मिनिटांत पत्ता कापू लागला. अक्षर जाड हवं, कारण ते फलाटावरच्या अंधारात दिसलं पाहिजे. साधं हवं, कारण पुठ्ठा शंभर वेळा वापरला जाणार.

मग १९३७ साल उजाडलं आणि एक गमतीचा योगायोग घडला. जूनमध्ये शिकागोच्या लडलो कंपनीसाठी रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी ‘स्टेन्सिल’ नावाचा टाइप काढला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकन टाइप फाउंडर्सने गेरी पॉवेल यांचा टाइप बाजारात आणला. त्याचंही नाव ‘स्टेन्सिल’! दोन्ही फक्त मोठ्या अक्षरांचे. पॉवेल यांचा जास्त टिकला. गोलसर कोपरे आणि रेघांच्या टोकांना जाड पाय (सेरिफ) असलेलं ते अक्षर आजही अनेक संगणकांवर त्याच नावाने भेटतं.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. शिशाच्या खिळ्याला, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षराला, पुलाची काही गरज नव्हती. खिळा भरीव असतो, त्याच्या ‘ओ’चं पोट कुठेही पडत नाही. तरी टाइप बनवणाऱ्यांनी फटी ठेवल्या, कारण लोकांच्या मनात फटीला अर्थ चिकटला होता: माल, प्रवास, फौज, गोदाम, काम. गरज संपली आणि फट शैली झाली. युरोपात हे थोडं आधी, वेगळ्या वाटेने घडलं होतं. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत योसेफ अल्बर्स चौकोन, त्रिकोण आणि पाव वर्तुळ एवढ्याच आकारांतून अक्षरं जुळवत होते. पॉल रेनर यांचा ‘फ्युचुरा ब्लॅक’ १९२९ चा. तिथे फट यंत्रयुगाची भूमिती सांगत होती, गोदामाची नाही. म्हणून ‘स्टेन्सिल’ हा एक शब्द असला तरी सूर दोन आहेत, आणि झीज शोभते ती अमेरिकन गोदामाच्या सुरालाच. ‘फ्युचुरा ब्लॅक’वर ओरखडे मारले तर ते अक्षर जुनं न दिसता खराब दिसतं.

तिसरा सूर रस्त्यावरचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये क्रास या पंक बँडने भुयारी रेल्वेतल्या जाहिरातींवर स्टेन्सिलने घोषणा उठवल्या. १९८१ पासून पॅरिसमध्ये ब्लेक ल रा या चित्रकाराने उंदीर रंगवले. त्यांना सोयीचं होतं ते हेच, की कापायचं घरी बसून आणि भिंतीपाशी काम अर्ध्या मिनिटात संपवायचं. अधिकाऱ्यांच्या हुकमाचं अक्षर हुकूम मोडणाऱ्यांनी उचललं. म्हणून आज तेच स्टेन्सिल लष्करीही वाटतं आणि बंडखोरही. रंग आणि शब्द कोणते यावर ते ठरतं.

आता झीज. माझ्या मते या विषयाचा सगळ्यात सुंदर भाग हाच, आणि बहुतेक लोक त्यावरून घाईने पुढे जातात.

स्टेन्सिलचं अक्षर चार निरनिराळ्या कारणांनी बिघडतं आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. स्प्रेचा डबा लांब धरला तर कडेभोवती रंगाचं बारीक धुकं बसतं. पत्रा पृष्ठभागाला नीट टेकला नाही तर रंग खाली झिरपतो आणि कडेला फुगवटे येतात, ओघळही येतो. बोळा किंवा ब्रश कोरडा असेल तर रंग फक्त उंचवट्यांवर बसतो आणि खालची वस्तू अक्षरातून डोकावते: लाकडाचे उभे-आडवे रेषे, गोणपाटाची वीण, भिंतीच्या गिलाव्याचे ठिपके. चौथं कारण काळ. उन्हाने रंग विटतो, पोपडे उडतात. पेटीवर जिथे दोर घासतो, जिथे हात लागतो तिथलं अक्षर आधी जातं. याशिवाय पत्रा स्वतःही म्हातारा होतो. कापलेल्या कडांवर रंग साठत जातो, चिरा अरुंद होतात, कोपरे गोल होतात, मग कुणीतरी तो रंग खरवडून काढेपर्यंत अक्षरं बारीक होत राहतात.

चांगला झिजवलेला फॉन्ट यांतलं एक कारण निवडतो आणि सगळ्या अक्षरांत ते पाळतो. वाईट फॉन्टमध्ये धुकंही असतं, ओघळही असतात, लाकडाचे रेषे आणि पोपडेही. पाहणाऱ्याला कारणं मोजता येत नाहीत, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला लगेच जाणवतं. निवडताना मी एकच प्रश्न विचारते: हे अक्षर कशावर, कशाने उमटलं असेल? उत्तर सुचलं नाही तर तो फॉन्ट बाजूला.

जाडपणाचं गणितही इथेच उलगडतं. एका अक्षरातून आधी पूल थोडं अंग खातो, मग झीज आणखी खाते. बारीक अक्षर एवढी दोन जेवणं पुरवू शकत नाही. ते ओळखूच येणार नाही. जाड अक्षरात पुरेसं मांस उरतं. पुलाची जाडीही नेमकी लागते. फार बारीक पूल छोट्या आकारात शाईने भरून जातो आणि तो साधा जाड फॉन्ट वाटतो. फार रुंद पूल ठेवला तर अक्षराचे सुटे तुकडे दिसतात.

संगणकावर ही झीज आली नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी डिजिटल अक्षराचं कौतुकच त्याच्या स्वच्छपणाचं होतं. नेदरलँड्समधले युस्ट फान रोसुम आणि एरिक फान ब्लोकलंड या दोन तरुणांना तो स्वच्छपणा कंटाळवाणा वाटला. त्यांनी ‘बेओवुल्फ’ नावाचा फॉन्ट केला, ज्याच्या कडा प्रत्येक छपाईच्या वेळी आपोआप थोड्या हलत. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात घेतलेल्या २३ डिजिटल फॉन्टमध्ये तो आहे. १९९२ मध्ये फान रोसुम यांनी रोजच्या वापरातल्या, कुणीही डिझाइनर न लागलेल्या अक्षरांचा एक संच काढला. त्यात रबरी शिक्का होता, चिकटपट्टीवर उठवायची अक्षरं होती, आणि वाद्यवृंदांच्या सामानाच्या पेट्यांवरचं स्टेन्सिल ‘फ्लाइटकेस’ या नावाने होतं. आज झिजलेल्या स्टेन्सिलचे शेकडो फॉन्ट मिळतात, त्यांची कुळी अशा कामापर्यंत जाते.

फॉन्ट बनवायची रीत समजायला सोपी आहे. खरं स्टेन्सिल घेऊन खऱ्या वस्तूवर रंग मारायचा, त्याचा मोठ्या आकारात स्कॅन घ्यायचा. नेहमीच्या फॉन्टला करडा रंग ठाऊक नसतो. एखादी जागा एकतर भरलेली किंवा रिकामी. त्यामुळे धुक्याचंही काळ्या ठिपक्यांत रूपांतर करावं लागतं. मग संगणक त्या डागांभोवती रेषा आखतो. साध्या ‘ओ’ला काही मोजके बिंदू पुरतात, झिजलेल्या ‘ओ’ला हजारही लागू शकतात. जुने पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर एका आकृतीत साधारण १,५०० बिंदूंपलीकडे गडबडत, म्हणून त्या काळचे कारागीर ओरखडे हाताने वेचून कमी करत. आजचे प्रिंटर तक्रार करत नाहीत, पण वेबसाइटवर असा फॉन्ट जड पडतो. दोन शब्दांच्या मथळ्यासाठी अख्खा फॉन्ट लादण्यापेक्षा ते दोन शब्द एसव्हीजी, म्हणजे रेषांच्या स्वरूपात साठवलेलं, चित्र म्हणून टाकणं बरं.

या कामात एक जागा अशी आहे जिथे नवखा हमखास अडकतो, आणि मीही अडकले आहे. ट्रेकच्या टी-शर्टसाठी मी एक छान खरवडलेला स्टेन्सिल फॉन्ट निवडला आणि फाइल व्हिनाइलच्या, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या, पत्र्यातून अक्षरं कापणाऱ्याकडे दिली. त्याने डोक्याला हात लावला. अक्षरातला प्रत्येक ओरखडा, प्रत्येक ठिपका म्हणजे त्याच्या दृष्टीने एक नवं बेट. प्लॉटरची, म्हणजे कापणाऱ्या यंत्राची, सुरी प्रत्येकाभोवती फिरणार, आणि मग चिमट्याने शेकडो कण एकेक करून उचलायचे. ज्या अक्षराची जन्मकथाच ‘बेट पडू नये’ ही आहे, त्याचं झिजवलेलं रूप मात्र बेटांनी भरलेलं असतं. त्यातून खरा पत्रा कापताच येत नाही. कापायचं असेल तर स्वच्छ स्टेन्सिल फॉन्ट घ्या आणि झीज रंग मारताना हाताने आणा. झिजवलेला फॉन्ट छपाईसाठी राखून ठेवा. छपाईतही स्क्रीन प्रिंटिंगची जाळी फार बारीक ठिपके गिळते, तेव्हा एक नमुना काढून बघणं आलंच.

दुसरी खोड पुनरावृत्तीची. ‘कॉफी’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की ‘एफ’ आणि ‘ई’ दोन-दोनदा येतात, आणि दोन्ही ‘एफ’वर अगदी एकाच जागी तोच ओरखडा दिसतो. खरी झीज अशी जुळी नसते. म्हणून जाणकार बनवणारे एकेका अक्षराची दोन-तीन रूपं देतात. पुष्कळ फॉन्टमध्ये छोट्या अक्षरांच्या जागी मोठ्याच अक्षरांची वेगळी झिजलेली रूपं ठेवलेली असतात. एक ‘एफ’ शिफ्ट दाबून आणि दुसरा न दाबता टाइप केला की काम होतं. फॉन्ट विकत घ्यायच्या आधी ही सोय आहे का ते पाहावं.

वापराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शब्द थोडे, आकार मोठा, रंग एक. मथळा, बोधचिन्ह, पोस्टर, प्रदर्शनाची पाटी. परिच्छेद कधीच नाही. खाली साधं, शांत, अखंड अक्षर ठेवा, म्हणजे वरच्याचा आवाज ऐकू येतो. पार्श्वभूमी आधीच लाकडाची किंवा सिमेंटची असेल तर स्वच्छ स्टेन्सिल घेऊन त्यातून तोच पोत डोकावू द्या. झिजलेल्या भिंतीवर झिजलेला फॉन्ट ठेवला तर दोन वेगवेगळ्या झिजा एकमेकींशी भांडतात. अक्षरांमधलं अंतर किंचित सैल आणि ओबडधोबड चालतं, कारण सुटे पितळी पत्रे एकमेकांत अडकवून शब्द जुळवला की तसंच व्हायचं. वस्तू खरोखर हाताळली जाणारी, वाहून नेली जाणारी, घाम गाळून केलेली असेल तर हे अक्षर तिला शोभतं: कॉफीचं पोतं, अवजारं, गिर्यारोहण, रंगमंचाचं सामान. बालरुग्णालयाच्या फलकावर मात्र ते छावणीची आठवण आणतं, आणि ती तिथल्या पालकांना नको असते.

देवनागरीची गोष्ट वेगळी आणि फार कमी बोलली गेलेली. मराठी पोस्टरवर वर झिजलेलं इंग्रजी स्टेन्सिल आणि खाली गुळगुळीत मराठी फॉन्ट अशी जोडी सर्रास दिसते. देवनागरीत नुसते ओरखडे आणून भागत नाही, पूल कुठे घालायचे ते नव्याने ठरवावं लागतं.

‘कमळ’ हा शब्द पत्र्यात कापायचा ठरवू. ‘क’च्या डाव्या वाटोळ्यात एक बेट. ‘म’चं पोट वरून शिरोरेषेने बंद केलेलं, तिथे दुसरं. ‘ळ’च्या दोन वाटोळ्यांत आणखी दोन. वर शिरोरेषा अखंड कापली तर दोन अक्षरांमधला पत्रा फक्त खालून जोडलेला उरतो आणि जिभेसारखा वर उचलला जातो. त्याखाली रंग शिरणारच. म्हणून दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषा तोडावी. तिथे ती तोडायला काही हरकत नाही. वाचणाऱ्याचा डोळा ती जोडून घेतो.

अक्षराच्या डोक्यावर मात्र ती तोडताना सावध राहावं लागतं. आपल्या लिपीत तुटलेल्या शिरोरेषेला अर्थ आहे. ‘घ’ची शिरोरेषा अखंड आणि ‘ध’ची तुटकी, एवढ्या फरकावर दोन अक्षरं उभी आहेत, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातही तीच खूण मोठी. ‘घ’च्या पोटातलं बेट धरायला वरून पूल घातला की ‘घर’ वाचताना ‘धर’ होतं, ‘घन’चं ‘धन’ होतं. इंग्रजी स्टेन्सिलमध्ये पूल चुकला तर अक्षर कुरूप दिसतं, इथे शब्द बदलतो. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटातली तिरकी रेघ पुलात किंवा झिजेत गेली तर ते ‘व’ आणि ‘प’ होतात. अनुस्वाराचा ठिपका तर पहिल्याच ओरखड्यात हरवतो.

त्यामुळे ‘घ’ आणि ‘म’ यांचे पूल खालच्या आडव्या अंगात, उभ्या दंडाजवळ घालावेत. ‘क’ आणि ‘व’ यांचे वाटोळ्याच्या डाव्या पोटात. ‘ब’ आणि ‘ष’मध्ये तिरकी रेघ अखंड ठेवून दोन्ही बेटांना बाहेरच्या कडेने धरावं. झीज आणायची ती दंडांच्या आणि जाड वळणांच्या मधोमध, ओळखीच्या खुणांपासून लांब. सरावाला इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘तेको’ चांगला, कारण त्याची वळणं चौकोनी आहेत आणि पुलाला सरळ कड मिळते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘मुक्ता’चं सर्वांत जाड वजनही चालेल. त्यांचाच ‘मोदक’ मला फार आवडतो, पण त्याच्या पोकळ्या इतक्या बारीक आहेत की बेट म्हणजे नुसती सळई उरते आणि पूल घालायला जागा राहत नाही. हे तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत आहेत आणि त्यांत बदल करायची मुभा आहे. शब्द मोठ्या आकारात टाइप करा, अक्षरांच्या बाह्यरेषा मोकळ्या करा, पूल हाताने कापा, आणि झाकणाच्या पुठ्ठ्यावर पहिल्यांदा ‘घर’ कापून पाहा.